वारा सोडताना

जुलै महिना. सज्जनगड, ठोसेघर मागे टाकून चाळकेवाडीच्या पठारावर पोचतो तर जीपचं दार एका हातानं उघडत नाही. धुक्यात पवनचक्कीच्या टॉवरचं बूड तेवढं दिसतंय. वरून एकेक पातं खाली येतं, सपकन आवाज करतं आणि पुन्हा धुक्यात शिरतं.

"आत या दादा, बाहेर बोललेलं ऐकू नाही यायचं." तंत्रज्ञ टॉवरचं लोखंडी दार रेटून धरतो. पोरगा भिवंडीजवळच्या टेमघरचा, वडील लूमवर जॉबर. "तिकडं रात्रभर खटखट, इकडं घूंघूं," तो हसतो.

आत पॅनेलवर आकडे हलतायत. वारा सेकंदाला 11 मीटर, पात्यांचा कोन 2 अंश. तेवढ्यात झोत येतो. 12, 14, 16. कोनही वाढत जातो: 5, 9, 13. वीज मात्र आहे तिथंच. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनानं वाढते. 12 वरून 16 म्हणजे दुपटीहून जास्त. ती सगळी घेतली तर गिअरबॉक्स फुटेल. म्हणून यंत्राचा नियंत्रक पाती वळवतो; ती वाऱ्याला कड दाखवतात आणि जास्तीचा वारा जाऊ देतात. टॉवरला मागं रेटणारा जोर त्यामुळे वादळात नव्हे, तर पाती वळायला लागण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतो. तो जोर एकदम सुटला, तर वाकलेला टॉवर उसळून पुढं येतो. टॉवर किती हलतोय हे मोजून पात्यांचा कोन किंचित मागंपुढं करायचा आणि झोका मारायचा, हेही नियंत्रकाचंच काम.

अचानक दिवा जातो. "फीडर गेला!"

वीज बाहेर नेणारी वाहिनी बंद पडली, म्हणजे जनित्रावरचा भार नाहीसा झालाय. आता चक्की उधळू शकते. पाती जिथं बसवलेली असतात त्या हबमधल्या बॅटऱ्या ती वळवायला घेतात. पायाखालची जमीन थरथरते. तो टॉवरच्या पत्र्यावर तळवा ठेवून उभा आहे, मीही ठेवतो. आतून सावकाश एक झोका जातो, मग दुसरा, लहान. "पाती हळू वळवली तर चक्की पळते, झटक्यात वळवली तर दणका टॉवरला. मधला वेग नेमका लागतो."

अंधारातच तो लूमच्या विषयावर येतो. धोट्याला मारणारी लाकडी दांडी एका दणक्यानं मोडत नाही, म्हणतो. रोजच्या ठोक्यांनी मोडते. इथंही तेच. वीस वर्षांत एक चक्की दहा कोटींहून जास्त फेऱ्या मारते. फेरीगणिक पातं वर जोरदार वारा खातं, खाली कमी. स्वतःच्या वजनानं एकदा या अंगाला वाकतं, एकदा त्या. वजनापुढं कुठल्याही नियंत्रकाचं काही चालत नाही. वाऱ्याच्या फरकावर मात्र उपाय आहे: मोठ्या नव्या यंत्रांत तिन्ही पात्यांचे कोन वेगवेगळे, दर फेरीला बदलता येतात. काचतंतूंच्या पात्याचा थकवा साधारण भाराच्या दहाव्या घातानं वाढतो, म्हणजे हेलकावे 10 टक्क्यांनी घटले तर झीज जवळजवळ एक तृतीयांशावर येते. पोलादाला एवढा फायदा नाही. आणि फुकट काहीच नाही: पाती सतत वळवली की त्यांची बेअरिंगं झिजतात. कंपनीच्या माहितीपत्रकात ही ओळ सहसा मोठ्या अक्षरांत नसते.

वीज येते. पडदा पेटतो, वारा 13. पाती हळूहळू पुन्हा वाऱ्याला सामोरी होऊ लागतात, तो वहीत वेळ लिहितो.

साताऱ्याच्या या डोंगरांवरच्या पुष्कळ चक्क्यांची वीस वर्षं भरली आहेत. केंद्र सरकारच्या 2023 च्या धोरणात जुन्या चक्क्या बदलण्याची सोय आहे, तशी त्यांचं आयुष्य वाढवण्याचीही. ते ठरवताना मालकांनी नुसतं उभारणीचं साल पाहू नये. ती चक्की किती वेळा अशी अचानक थांबली, किती झोत तिनं अंगावर घेतले, याची नोंद नियंत्रकात असू शकते. ती आधी मागवावी.