ओवी : जात्यावरून वर्गात



वर्गात "ओवी म्हणजे काय?" असं विचारून बघा. कोणी म्हणेल ज्ञानेश्वरीतली ओवी, कोणी म्हणेल आजी दळताना म्हणायची ते गाणं. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण या दोन ओव्यांचं नातं काय, हे आपण सहसा सांगत नाही. आज तेच पाहू. शिवाय हा विषय आपल्या अकोटच्या मुलांना पुस्तकाबाहेर कसा शिकवता येईल, तेही पाहू.

ओवी किती जुनी?

बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आहे. ज्ञानेश्वरी त्यानंतरची, शके 1212 म्हणजे इ.स. 1290 ची. म्हणजे ज्ञानेश्वरांनी ओवी ग्रंथात आणली, त्याआधीच ती बायकांच्या तोंडी होती. गीतेचा अर्थ साध्या माणसापर्यंत न्यायचा, तर छंदही त्याच्या कानाच्या ओळखीचा हवा. हे मुलांना जरूर सांगा. उखळापाशी बसलेल्या बाईचा छंद मराठीतल्या सर्वात मोठ्या ग्रंथाला मिळाला, ही काही लहान गोष्ट नाही.

आपल्या भागात तर ग्रंथातली ओवी घरोघरी आहे. दासगणू महाराजांचा 'श्री गजानन विजय' हा 21 अध्यायांचा ग्रंथ ओवीबद्ध आहे, आणि अकोटच्या नरसिंगजींची कथाही त्यात येते. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीता' ओवीतच लिहिली : 41 अध्याय, 4675 ओव्या. गावाची स्वच्छता, शिक्षण, श्रमदान असे विषय त्यांनी या छंदात मांडले. ज्या घरी पारायण होतं, तिथल्या मुलाच्या कानात ओवीची चाल आधीच असते. आपल्याला फक्त तिच्याकडे बोट दाखवायचं असतं.

दोन ओव्यांची बांधणी

ग्रंथातल्या ओवीला चार चरण. पहिल्या तिघांच्या शेवटी यमक, चौथा चरण आखूड आणि बहुतेक वेळा यमकाविना.

जात्यावरची ओवी बहुधा दोन लांब ओळींची असते. प्रत्येक ओळ मध्ये थांबते आणि दोन्ही ओळींच्या शेवटी यमक जुळतं. वर्गात दाखवण्यासाठी मी एक जुळवली आहे :

सासरच्या वाटेवर, पानी आलं माह्या डोया
मांगं उभी माय माही, कशी तोडू तिची माया

मोजून पाहा. प्रत्येक अर्ध्या ओळीत आठ अक्षरं आहेत. गाणारी बाई मात्र अक्षरं मोजत नाही. कमी पडलं की "गं", "बाई", "माय" असा शब्द घालते, जास्त झालं की भरभर म्हणते. माप तिच्या हातात असतं. जात्याचा खुंटा धरून हात गोल फिरतो, मध्येच तोंडात मूठभर ज्वारीचा घास टाकायचा असतो. तो फेरा आणि तो घास म्हणजेच तिचा ताल.

स्पेनमध्ये 'कोप्ला' नावाचा असाच लोकछंद आहे. चार छोट्या ओळी, बहुतेक आठ-आठ अक्षरांच्या, आणि दुसऱ्या-चौथ्या ओळीच्या शेवटी स्वर जुळलेले. आपली ओवी अर्ध्या-अर्ध्या ओळींत लिहिली तर फळ्यावर अगदी तशीच दिसते! दोन्हीकडे कवीचं नाव बहुधा नसतं. मान्युएल माचादो या स्पॅनिश कवीने म्हटलं आहे की कोप्ला लोकांच्या तोंडी जाईपर्यंत ती कोप्ला होतच नाही, आणि लोक ती म्हणू लागले की कोणी रचली हे कोणाला आठवत नाही. आपल्या ओवीलाही हे लागू पडतं.

ओवीत काय सांगितलं जायचं?

पहाटे घर झोपेत असताना सून जात्यावर बसायची. दिवसभरात तिला मोकळं बोलता येईल अशी ती वेळ. पहिल्या ओव्या देवाला, मग आईबापाला, भावाला. मग माहेर, सासू, लेकरू, विठ्ठल, सीतेचा वनवास. जे तोंडावर बोलता येत नव्हतं ते दळणाबरोबर बाहेर पडायचं. जात्याची घरघर असल्याने ते ऐकूही फार लांब जायचं नाही.

ही ओवी जुन्या विषयांपाशी थांबलेली नाही. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर ओव्या म्हटल्या आणि त्यांचं ध्वनिमुद्रण झालं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या क्रमाक्रमाने येत आहेत. आवाजासकट ऐकायला मिळतात, वर्गात जरूर ऐकवा.

आत्ताच का?

गिरणी आली, हाताला आराम मिळाला. ते चांगलंच झालं. जात्याचे कष्ट परत यावेत असं कोणीच म्हणणार नाही. पण ओवी त्या कामाला बांधलेली होती. काम सुटलं आणि गाण्याची वेळही गेली. नवी सून असताना रोज दळलेल्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. एक आजी गेली की तिच्याबरोबर शेकडो ओव्या जातात, आणि त्या कुठेच लिहिलेल्या नसतात.

बहिणाबाई चौधरींचंच बघा (1880–1951). त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव यांनी आणि घरच्यांनी त्यांची गाणी उतरवून ठेवली, आचार्य अत्रे यांनी ती लोकांपुढे आणली आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. ती वही नसती तर?

मुलांकडून करून घ्यायचा उपक्रम

1. "आजी, ओवी म्हण" असं म्हटलं की आजी लाजते, "मले नाई येत" म्हणते. त्यापेक्षा जुनं जातं असेल तर डाळ भरडायला बसवा. हात फिरला की ओळी आठवतात. लग्नघरी हळद दळायला जातं निघतं, ती वेळ सोडू नका.

2. आजीची परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड करा. लिहिणं नंतर.

3. नाव आणि वयासोबत माहेरचं गाव नक्की लिहा. ओव्या लेकींबरोबर फिरतात. अकोटात म्हटलेली ओवी दर्यापूरची असेल, तेल्हाऱ्याची असेल, अंजनगावची असेल. वर्गात एक नकाशा लावा आणि गावांना टिकल्या लावत जा. भूगोलही होतो.

4. जसं ऐकलं तसंच लिहा. ही सर्वात महत्त्वाची सूचना. वर दिलेली ओवी प्रमाण भाषेत "सुधारली" तर 'डोया'चं 'डोळा' होईल आणि 'माया'शी जुळणारं यमक मोडेल. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो : डोया, काया, शाया. ओवी त्याच उच्चारावर उभी आहे. मुलाने वहीत 'पानी', 'इकते', 'माह्या' लिहिलं तर लाल पेन बाजूला ठेवा. प्रमाण भाषेतला अर्थ शेजारच्या रकान्यात लिहायला सांगा. दोन्ही भाषा शिकून होतात.

5. शेवटी प्रत्येकाने स्वतःची एक ओवी जुळवावी. विषय आजचे असू द्या : कापसाचा भाव, बसचा पास, परगावी कामाला गेलेला बाप. बाकावर हात गोल फिरवत म्हणायला लावा, ताल आपोआप सापडतो.

पालकांसाठी दोन शब्द

यासाठी वेगळा खर्च नाही, वेगळा वेळही फारसा नाही. सणाला किंवा सुट्टीत आजीकडे गेलात की एक संध्याकाळ टीव्ही बंद ठेवा आणि मुलाला तिच्याजवळ बसवा. ज्या बोलीसाठी पोराला शाळेत टोकलं जातं, तीच बोली आजीच्या तोंडून कविता होऊन येते, हे त्याला कळू द्या. आपल्या बोलीची लाज वाटायची असेल तर ती तिथेच जाते.

घरात लिहिता न येणारी पण ओव्या येणारी म्हातारी बाई असेल, तर या आठवड्यातच वही उघडा.