एका दिवसाची सुरत

आपल्या खेड्यापाड्यांतील कुटुंबांत प्रवास हा सहसा निमित्तावाचून घडत नाही. लग्न, बाप्तिस्मा, दफनविधी, इस्पितळ, कोर्टकचेरी, अथवा सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीचा सण. यांपैकी काही असल्याखेरीज आपण घरास कुलूप लावून बाहेर पडत नाही. पडलोच तर सहकुटुंब पडतो. बरोबर शिदोरी असते, लेकरांचे कपडे असतात, आणि गुराढोरांची व कोंबड्यांची काळजी शेजारणीवर सोपविलेली असते. ह्या रीतीत प्रेमाची ऊब आहे, हे आम्ही जाणतो. तथापि तिच्यामुळे एक समजूत आपल्या मनांत नकळत रुजली आहे. जो माणूस एकटा आणि कारणावाचून प्रवासास निघतो, तो एक तर दुःखी असावा, नाही तर स्वार्थी, असे आपण धरून चालतो. ही समजूत एकदा तपासून पाहावी, असे आम्हांस वाटते.

शुभवर्तमान वाचणाऱ्यास तरी ती फारशी पटू नये. कफर्णहूम गावी दिवसभर रोग्यांस बरे केल्यावर प्रभू येशू दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, कोणास न सांगता एकांत स्थळी प्रार्थनेस निघून गेला. शिमोन व त्याचे सोबती त्याला शोधीत मागून गेले. पुढे थकून आलेल्या शिष्यांसही त्याने थोडा विसावा घेण्यास सांगितले. ज्याच्याभोवती सदैव लोकांची दाटी होती, त्यालाही एकांताची गरज भासली. मग जो बाप वर्षानुवर्षे कारखान्याच्या पाळ्या करतो, अथवा जी आई चुलीपासून विहिरीपर्यंतच्या वाटेवर आयुष्य घालविते, त्यांस वर्षातून एखादा दिवस आपल्यापुरता मिळाला, तर त्यात घराचे काय बुडते?

असा एक दिवस गेल्या हिवाळ्यात आमच्या वाट्यास आला, त्याची हकीकत सांगतो.

तरसाली हे बडोद्याच्या दक्षिण अंगाचे गाव. गायकवाडांच्या राज्यकाळापासून बडोद्यात मराठी कुटुंबे वसलेली आहेत, आणि त्यांतली काही ह्या भागातही राहतात. जवळचे रेल्वेस्थानक मकरपुऱ्याचे. तेथे धिम्या गाड्या थांबतात. वेगाच्या गाड्या धूळ उडवीत निघून जातात. त्या दिवशी एका किरकोळ कामासाठी आम्ही त्या बाजूस गेलो होतो. काम घटकेत आटोपले, आणि सारा दिवस हाती मोकळा उरला. इतक्यात सुरतेकडे जाणारी गाडी येत असल्याचे कळले. घरी दूरध्वनी करून रात्री परत येतो एवढे कळविले, तिकीट काढले व गाडीत चढलो. हातात पिशवीदेखील नव्हती.

बडोद्याहून सुरत सुमारे १३० किलोमीटर आहे. धिम्या गाडीने हे अंतर काटताना रेल्वेचा जुना इतिहास खिडकीतून एकेका स्थानकाच्या रूपाने समोर येतो. मियागाम कर्जन लागले. येथून डभोईपर्यंत खंडेराव गायकवाडांनी १८६२ साली अरुंद रुळांचा मार्ग टाकविला, आणि त्यावरील डबे आरंभी बैल ओढीत असत. पुढे भरुचेस नर्मदेचे विस्तीर्ण पात्र आले. आपली गाडी १९३५ सालच्या पुलावरून जाते, आणि शेजारी १८८१ साली पुरा झालेला जुना लोखंडी पूल दिसतो. डब्यातील कितीतरी मंडळींनी नदीस हात जोडले; आम्हीही मनातल्या मनात क्रुसाची खूण केली. नदी ओलांडली की अंकलेश्वर. मुंबई, बडोदा आणि मध्य हिंदुस्थान रेल्वे कंपनीचा पहिला मार्ग १८६० साली याच अंकलेश्वरापासून तापीकाठच्या उत्राणपर्यंत सुरू झाला. मुंबईपर्यंत रूळ त्यानंतर पोहोचले. आज जो मार्ग पश्चिम रेल्वेचा कणा आहे, त्याचा पहिला मणका हा.

वाटेत एका स्थानकावर एक वृद्ध गुजराती बाई पोंकाची पिशवी घेऊन चढल्या आणि आमच्यासमोर बसल्या. पोंक म्हणजे कोवळ्या ज्वारीचा हुरडा. हिवाळ्यात सुरतेकडे तो शेवेबरोबर मोठ्या आवडीने खातात. आमच्याकडे सामान नाही, सोबत नाही, हे त्यांनी न्याहाळले आणि हळूच विचारले, “कोई मांदुं छे?” कोणी आजारी आहे का, असे त्या विचारीत होत्या. आम्ही सांगितले की सारे सुखरूप आहेत, सुरत पाहावी म्हणून सहज निघालो आहोत. त्यांस प्रथम नवल वाटले, मग त्या हसल्या. मूठभर पोंक आमच्या हातावर ठेवून म्हणाल्या की, मग नुसता बाजार पाहून परतू नका, डुमसला जाऊन दर्यादेखील पाहा. आमच्या त्या दिवसाची एवढीच काय ती आखणी. तीही दुसऱ्याने करून दिलेली.

सुरतेच्या स्थानकापासून कतारगाम दरवाजाच्या बाजूस गेले की जुनी युरोपीय दफनभूमी लागते. भोवती दाट वस्ती, हातगाड्यांची ये-जा, आणि मध्येच मशिदीच्या घुमटांची आठवण करून देणाऱ्या उंच समाध्या. इंग्रज वखारीचा अध्यक्ष सर जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली वारला, तो येथे आपल्या भावाशेजारी पुरलेला आहे. त्यांची समाधी दुमजली असून एखाद्या लहानशा राजवाड्यासारखी दिसते. जवळच असलेल्या डच दफनभूमीत हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याची कबर आहे. हा १६९१ साली सुरतेच्या वाटेवर असताना समुद्रावर मरण पावला. मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ त्याने सिद्ध करविला. आणि त्या कामास आरंभी ज्यांचे साह्य झाले, त्यांत फादर मॅथ्यू हे कार्मेलाईट संघाचे इटालियन धर्मगुरू होते. डच लोक प्रॉटेस्टंट. कॅथलिकांशी त्यांचे वैर जगजाहीर. तरीही झाडापाल्याच्या अभ्यासापुरते दोघे एकत्र आले, हे वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आम्ही तेथे परलोकवासी आत्म्यांसाठी एक ‘आमच्या बापा’ म्हटली आणि निघालो.

तेथून चौकात आलो. तापीच्या काठी सोळाव्या शतकातला किल्ला उभा आहे. गुजरातच्या सुलतानाच्या अमदानीत, पोर्तुगीजांच्या समुद्रावरील हल्ल्यांपासून शहर राखण्यासाठी तो बांधला गेला. हल्ली त्यात संग्रहालय आहे. जवळची मुघलसराई सतराव्या शतकात मक्केच्या यात्रेकरूंसाठी बांधलेली. आता तेथे महानगरपालिकेचे कार्यालय आहे. येथे उभे राहिले की मराठी माणसास जानेवारी १६६४ आठवल्यावाचून राहत नाही.

शाहिस्तेखानाने पुण्यात ठाण मांडून मराठी मुलूख उद्ध्वस्त केला होता. तो खर्च मोगलांच्याच तिजोरीतून भरून काढावा म्हणून शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले. शहराचा सुभेदार इनायतखान ह्याच किल्ल्यात दडून बसला आणि रयत उघडी पडली. काही दिवस लूट चालली; शहराचा मोठा भाग आगीत गेला. विरजी व्होरा हा त्या काळचा अतिशय श्रीमंत व्यापारी. त्याचेही घर लुटले गेले. मराठी घरांत ही पराक्रमाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. सुरतेच्या माणसास ती आपल्या गावाच्या होरपळीची गोष्ट आहे. गुजरातेत राहणाऱ्या मराठी कुटुंबाने ह्या दोन्ही गोष्टी ऐकण्याची तयारी ठेविली पाहिजे.

पण ह्याच प्रसंगाची एक तिसरीही गोष्ट आहे, आणि ती फ्रेंच प्रवासी बर्नियर याने त्याच काळात लिहून ठेविली आहे. इंग्रजांच्या व डचांच्या वखारी बचावल्या, त्या तोफाबंदुकांच्या धाकाने. इंग्रजांचा पुढारी तोच ऑक्झेंडन, ज्याच्या समाधीपाशी आम्ही नुकतेच उभे होतो. परंतु आणखी दोन घरे बंदुकीवाचून बचावली. एक होते कापुचिन संघाचे धर्मगुरू फादर ॲम्ब्रोझ यांचे. हे पाद्री सज्जन आहेत, त्यांस त्रास देऊ नये, अशा अर्थाचे उद्गार महाराजांनी काढल्याचे बर्नियर सांगतो. दुसरे घर होते डचांच्या एका हिंदू दलालाचे. तो दलाल तेव्हा हयातही नव्हता. जिवंतपणी तो फार दानधर्म करीत असे, एवढे महाराजांस कळले, आणि त्याच्या घरास हात लागला नाही. त्या दलालाचे नावही बर्नियरने दिलेले नाही.

चौकातल्या गर्दीत उभे राहून आम्ही ह्या गोष्टीचा बराच वेळ विचार केला. संपत्ती होती त्याचे घर राहिले नाही. तोफा होत्या त्यांची घरे राहिली, पण पुढे वखारी गेल्या, आणि त्यांचे धनी आता घुमटाखाली निजले आहेत. ज्याने गरिबाला दिले, त्याचे घर त्याच्या मरणानंतरही राखले गेले. आणि राखणारा ना त्याच्या नात्याचा होता, ना गावचा. शत्रूच्या शहरात शिरलेल्या सेनापतीच्या कानी एका मेलेल्या माणसाची दया पोहोचली, आणि त्याने ती मानली. दान हे कोणाच्या तरी ध्यानात राहतेच, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतो. सुरतेच्या चौकात त्याला एका घराचा आकार आहे.

दुपार कलल्यावर शहर बसने डुमसला गेलो. किनाऱ्यावरची वाळू काळसर आहे, पाणी गढूळ आहे. कोकणच्या किनाऱ्याशी त्याची तुलना होणार नाही. तापी आपला गाळ येथेच समुद्रास आणून देते. त्या काळीही मोठी जहाजे शहरापर्यंत येत नसत. ती नदीच्या मुखाबाहेर सुंवाळीच्या खाडीत नांगरत, आणि माल लहान होड्यांनी व गाड्यांनी शहरात येई. १६८७ साली इंग्रज कंपनीने आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले, आणि सुरतेचा दर्यावर्दी व्यापार हळूहळू ओसरला. पण माणसे ओसरली नाहीत. किनाऱ्यावर टोमॅटोच्या भजींचे कढईभर घाणे निघत होते, आणि नातवंडांचा हात धरून एक आजोबा पावलाएवढ्या पाण्यात उभे होते. आम्ही गरम भजी खाल्ली, सूर्य मावळताना जपमाळेची पाच रहस्ये म्हटली आणि परतीच्या गाडीस निघालो. जेवणाच्या सुमारास आम्ही तरसालीस होतो.

वाचक म्हणतील, हे सारे सहकुटुंब जाऊनही पाहता आले असते. आले असते, आणि पुढे आम्ही घरच्यांस घेऊन जाणारही आहोत. परंतु सहकुटुंब प्रवासात आपले डोळे एकमेकांवर असतात. कोणाला भूक लागली, कोण मागे राहिले, गाडी किती वाजता, ह्यांतच दिवस सरतो. एकट्या माणसास कोणत्याही कबरीपाशी हवा तितका वेळ थांबता येते. परक्या वृद्धेशी बोलता येते, कारण घरचे बोलणे सोबत नसते. एकांताचा उपयोग माणसांपासून दूर जाण्यासाठी नाही; परकी माणसे व गेलेली माणसे दिसावीत, यासाठी आहे.

अशा दिवसास काही मर्यादा मात्र पाळाव्यात. घरच्यांस कळवून निघावे व सांगितल्या वेळी परतावे. रविवारचा मिस्सा चुकवून जाऊ नये. घरखर्चाच्या पैशास हात लावू नये. धिम्या गाडीचे तिकीट आणि एक वेळचे खाणे एवढ्यात दिवस निभावतो. आणि परतताना घरासाठी काही आणावे. मिठाई आणली तर उत्तमच. पण रात्री ताटावर बसून सांगण्यासारखी एक गोष्ट तरी आणावीच.

शेवटी एक सूचना, आणि ती आम्ही विशेष आग्रहाने करतो. आपल्या घरांत असा दिवस बहुधा पुरुषांच्याच वाट्यास येतो. पन्नाशी उलटलेल्या कितीतरी माता अशा आहेत की, त्या आयुष्यात एकदाही एकट्या, स्वतःच्या आवडीने, कोठे गेलेल्या नाहीत. ज्या घरात बापास मोकळा दिवस मिळतो, त्या घरात आईसही तो मिळाला पाहिजे. त्या दिवशी चूल बाकीच्यांनी सांभाळावी, आणि संध्याकाळी ती दारात आली म्हणजे कोण आजारी होते, असे तिला विचारू नये. काय पाहिलेस, असे विचारावे, आणि तिचे सांगणे पुरे होईपर्यंत बसून ऐकावे.