तेरा दिवसांची मुदत

सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक दंडक वर्षानुवर्षे चालत आला आहे: सुरळीत चालू असलेल्या यंत्रणेला हात लावू नये. कार्यालयातल्या छपाईचे काम पाहणाऱ्या संगणकापुरता तो बऱ्याच अंशी योग्यही आहे. डीएनएस सर्व्हरला मात्र तो लावता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणे हे या सर्व्हरचे काम. त्यासाठी त्याला दिवसभर जगभरातल्या अनोळखी सर्व्हरना प्रश्न विचारावे लागतात आणि आलेल्या उत्तरांवर विश्वास ठेवावा लागतो. आपण त्याची एक ओळही बदलली नसली, तरी त्याच्यावर काय येऊन आदळेल हे दुसरेच कोणी ठरवत असते. म्हणून लिनक्सच्या वितरणाने ‘बाइंड’सारख्या डीएनएस सर्व्हरच्या पॅकेजची सुरक्षा-दुरुस्ती पाठवली, की ती काही दिवसांतच बसवली पाहिजे.

दिवसांचा हिशेब का करायचा, ते २००८ मध्ये दिसले. डीएनएसच्या प्रत्येक प्रश्नाला १६ बिटांचा ओळखक्रमांक असतो, म्हणजे ६५,५३६ शक्यता. खरे उत्तर पोहोचण्याआधी बरोबर क्रमांकाचे खोटे उत्तर घुसवले, तर सर्व्हर तेच खरे मानून कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो. हा धोका आधीही माहीत होता. पण एकदा डाव हुकला की साठवलेल्या उत्तराची मुदत संपेपर्यंत हल्लेखोराला थांबावे लागेल, असा दिलासा होता. सुरक्षा-संशोधक डॅन कामिन्स्की यांनी तो दिलासा काढून घेतला. एखाद्या डोमेनमधली अस्तित्वातच नसलेली नावे एकामागून एक विचारत राहायची. प्रत्येक नावागणिक नवी संधी मिळते, आणि खोट्या उत्तरातच अख्ख्या डोमेनचा सर्व्हर कोणता हेही खोटे सांगून टाकता येते. यावर उपाय ठरला तो प्रत्येक प्रश्न वेगवेगळ्या, अंदाज न बांधता येणाऱ्या पोर्टवरून पाठवण्याचा. शक्यता हजारोंवरून अब्जावधींवर गेल्या. डॅनियल बर्न्स्टाइन यांनी आपल्या ‘डीजेबीडीएनएस’ या डीएनएस सर्व्हरमध्ये ही काळजी कितीतरी आधी घेतली होती, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. ८ जुलै २००८ रोजी अनेक कंपन्यांनी आणि डेबियनसारख्या वितरणांनी एकाच दिवशी दुरुस्ती दिली. त्रुटीचा तपशील ऑगस्टपर्यंत गुप्त राहायचा होता. तो २१ जुलैलाच फुटला आणि दोन-तीन दिवसांत हल्ल्याचा तयार कोड सर्वांच्या हाती आला. अद्ययावत करायला मिळाले ते १३ दिवस. एरवी एवढीही सवड मिळेल याची खात्री नसते, कारण मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जुना आणि नवा कोड शेजारी ठेवला की भोक नेमके कुठे होते ते जाणकाराला दिसते.

यावरचा पहिला आक्षेप असा, की स्थिर वितरणातली आवृत्ती मुळातच जुनी असते, मग अद्ययावत करून काय साधते? इथे आवृत्तीचा क्रमांक फसवतो. रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीत बाइंड ९.११ आहे. मूळ निर्मात्यांनी त्या मालिकेची देखभाल २०२२ मध्ये थांबवली, तरी रेड हॅटचे लोक नव्या दुरुस्त्या वेचून त्याच जुन्या कोडमध्ये बसवत राहतात. क्रमांक तोच दिसतो, आतली भोके मात्र बुजलेली असतात. हे कष्टाचे आणि फारसे कोणाच्या नजरेत न येणारे काम आहे. डेबियन १२ ने वेगळी वाट धरली: ९.१८ मालिकेतली पुढची आवृत्तीच घ्यायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘कीट्रॅप’ ही त्रुटी जाहीर झाली. मुद्दाम रचलेले एकच उत्तर पडताळताना सर्व्हर गुंतून पडत असे, बाइंड तर १६ तासांपर्यंत. तेव्हा डेबियनने ९.१८.२४ दिली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दुरुस्तीनेच सेवा बंद पडते. पडते, हे खरे आहे. २००८ च्या पहिल्या दुरुस्तीने सेकंदाला १०,००० हून अधिक प्रश्न झेलणारे सर्व्हर मंदावले आणि ऑगस्टमध्ये दुसरी द्यावी लागली. जुलै २०२४ च्या ९.१८.२८ ने एका नावाखाली एकाच प्रकारच्या नोंदींवर १०० ची मर्यादा घातली. ज्यांच्या नोंदी त्याहून जास्त होत्या, त्यांचे झोन, म्हणजे डोमेनच्या नोंदींचे संच, चढेनात. पण यातून ‘थांबा’ हा निष्कर्ष निघत नाही, ‘वाचा आणि तपासा’ हा निघतो. उलट न वाचता बसवलेली दुरुस्ती निरुपयोगीही ठरू शकते. २००८ मध्ये ज्यांच्या मांडणी-फाइलमध्ये प्रश्न कायम पोर्ट ५३ वरूनच पाठवण्याची जुनी ओळ होती, त्यांचे पॅकेज नवे झाले तरी संरक्षण शून्य राहिले. डेबियनच्या सूचनेत ती ओळ बदलायला सांगितले होते. आणि डीएनएसची रचनाच मुळात एका डोमेनला किमान दोन सर्व्हर धरून केलेली आहे. आधी दुय्यम सर्व्हर अद्ययावत करावा, ‘नेम्ड-चेककॉन्फ’ने मांडणी तपासावी, सगळे झोन चढले का ते लॉगमध्ये पाहावे आणि मग मुख्य सर्व्हर हाती घ्यावा. तोवर एक सर्व्हर उत्तरे देतच असतो.