सरडा आपल्या डोक्यात राहत नाही

कुणी रागाच्या भरात काहीतरी करून बसलं की त्याच्यातला 'सरड्याचा मेंदू' जागा झाला, असं स्पष्टीकरण हल्ली सर्रास दिलं जातं. तळमजल्यावर सरपटणाऱ्यांचा उपजत प्रवृत्तींचा मेंदू, त्यावर सस्तन प्राण्यांचा भावनांचा आणि सगळ्यात वर माणसाचा विचारी मोठा मेंदू. हे तीन मजली चित्र अमेरिकी संशोधक पॉल मॅक्लीन यांनी १९६०च्या दशकात मांडलं आणि कार्ल सेगन यांच्या १९७७च्या पुस्तकाने ते सर्वदूर पोचवलं. चित्र सुटसुटीत आहे, म्हणूनच टिकलं. फक्त असा मजल्यावर मजला चढलेला मेंदू कुठल्याच प्राण्यात सापडत नाही.

मोठा मेंदू, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं प्रमस्तिष्क, हे मागाहून केलेलं बांधकाम नव्हे. लॅम्प्रे हा जबडा नसलेला, वामीसारखा दिसणारा जलचर घ्या. त्याची आणि आपली वाट सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली, तरी त्याच्याही मेंदूच्या पुढच्या टोकाला प्रमस्तिष्क आहे आणि त्यात छताचा व तळाचा असे दोन्ही भाग आहेत. मग बाजारातल्या रोहूच्या डोक्यात ते ओळखू का येत नाही? एक तर ते लहान असतं, त्यामागचे दृष्टीचे गोळे जास्त नजरेत भरतात. शिवाय त्याची घडणच उलटी आहे. आपल्या भ्रूणात मेंदूच्या नळीच्या भिंती फुग्यासारख्या फुगतात आणि आत पोकळी राहते. रोहूसारख्या माशांत त्याच भिंती मिटलेलं पुस्तक उघडावं तशा दोन्हीकडे बाहेर उलगडतात. भाग तेच, जागा वेगळ्या. आणि सरडा आपला पूर्वज नाहीच, चुलत घराण्यातला आहे. त्याची शाखा आपल्या शाखेपासून साधारण ३२ कोटी वर्षांपूर्वी फुटली, आणि तेव्हापासून त्याचाही मेंदू बदलत आला आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की सहा थरांचं कॉर्टेक्स, म्हणजे मोठ्या मेंदूची बाहेरची साल, तर फक्त सस्तन प्राण्यांतच असतं, मग ते नवीन नाही का? रचना नवीन आहे, हे मान्य. पण ती त्याच जुन्या छतातून घडली, आणि विचार करायला तीच एक रचना लागते असं मुळीच नाही. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ लुडविग एडिंगर यांनी शंभरेक वर्षांपूर्वी पक्ष्यांचं जवळजवळ सगळं प्रमस्तिष्क 'तळाचा भाग' ठरवलं, आणि पक्षी उपजत प्रवृत्तीवर चालणारी यंत्रं ठरले. ही चूक नावांतून इतकी मुरली, की ती नावं बदलायला या शतकाची सुरुवात उजाडावी लागली. आज आपण जाणतो, की पक्ष्यांच्या प्रमस्तिष्कात छताचाच वाटा मोठा आहे. थरांऐवजी त्यात पेशींचे पुंजके आहेत, एवढंच. निळ्या-पिवळ्या मकाव पोपटाचा मेंदू जेमतेम २० ग्रॅमचा, पण त्याच्या छतात सुमारे १९० कोटी चेतापेशी असतात. कितीतरी मोठ्या मेंदूच्या ऱ्हीसस माकडात त्याच भागात त्या सुमारे १७० कोटी. कावळ्याच्या हुशारीचं नवल वाटत असेल, तर दोष आपल्या मोजपट्टीचा.

मोजपट्टी म्हणून वळ्यांवरही भिस्त नको. मटणाच्या दुकानातला बकऱ्याचा भेजा अक्रोडासारखा वळ्यावळ्यांचा असतो, तर मार्मोसेट या छोट्या माकडाचं कॉर्टेक्स जवळपास गुळगुळीत. म्हणून बकरा माकडाहून शहाणा ठरत नाही. नुसती पेशींची एकूण संख्याही फसवते. आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत सुमारे २५,७०० कोटी चेतापेशी मोजल्या गेल्या, माणसाच्या तिपटीने. पण त्यांतल्या जवळपास ९८ टक्के मागच्या लहान मेंदूत. कॉर्टेक्समध्ये उरल्या ५६० कोटी, आपल्याकडे त्या १,६०० कोटींच्या घरात आहेत. मात्र माणसाच्या ८,६०० कोटींपैकीही ६,९०० कोटी लहान मेंदूतच आहेत, आणि तीन मजल्यांच्या त्या चित्रात लहान मेंदूला साधी खोलीसुद्धा दिलेली नाही.