निळूभाऊंची सर्वोत्तम भूमिका कोणती?

निळू फुले यांची सर्वांत चांगली भूमिका कोणती, हा प्रश्न महाराष्ट्रात कुठेही टाकावा आणि बाजूला होऊन मजा पाहावी. चहा निवून जातो, पण वाद संपत नाही. आमच्या केशोरीत मात्र हा वाद लवकर संपतो. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातले, इटियाडोह धरणाच्या बाजूचे हे आमचे गाव. इथे प्रश्न विचारला की पाच जणांपैकी चार जण एका दमात उत्तर देतात : ‘पाटलाची!’ कोणत्या चित्रपटातला पाटील, असे पुढे विचारले तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. धोतर, टोपी, मिशी, बारीक केलेले डोळे आणि घोगरा आवाज एवढेच लक्षात राहिले आहे. चाळीस वर्षांच्या कामाची अशी एकच गाठोडी बांधून ठेवावी, याची मला खंत वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या लोकांना अभिनय कळत नाही, असे कोणी समजू नये. ही झाडीपट्टी आहे. दिवाळी झाली, धान घरात आले की गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके चालतात. वडशाच्या मंडळींची नाटके पाहायला माणसे थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे घरातल्या माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला. चरित्र अभिनेता म्हणजे काय, हे आमच्या प्रेक्षकाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

पण या रसिकतेला एक खोड आहे. रंगलेला माणूस आणि खरा माणूस यांतली रेघ पुसून टाकायची आम्हाला सवय आहे. गावच्या हौशी नाटकांत मी दहा-बारा हंगाम खलनायक रंगवला. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी माझ्याशी धड बोलत नसत. ‘रातीले त्या पोरीले काऊन रडवलास गा?’ असे विचारून दार लोटून घेत. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटे. पुढे वाईटही वाटू लागले, कारण आजींना मी कितीही चांगला वागलो तरी रात्रीचाच आठवे.

माझ्यासारख्या गावठी नटाची ही कथा, तर निळूभाऊंचे काय झाले असेल! पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडलेला, डॉ. श्रीराम लागूंच्या बरोबरीने सामाजिक कृतज्ञता निधीसाठी वणवण केलेला आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत मनापासून उभा राहिलेला हा माणूस. त्यांना पाहून बायाबापड्या बोटे मोडत, हे तर सर्वश्रुत आहे. १३ जुलै २००९ ला ते गेले. नकलाकारांनी मात्र त्यांना अजून वाड्यावरच बसवून ठेवले आहे.

असो. आता उमेदवारांकडे वळू. पहिला मान झेले अण्णांचा. शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने निळूभाऊंचे नाव झाले आणि १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’त ते पडद्यावर आले. गावचा बेरकी पुढारी कसा असतो, ते मराठी पडद्यावर तेव्हापासून ठरून गेले. ‘सखाराम बाइंडर’मधला सखाराम हा त्यांच्या कारकिर्दीचा एक डोंगरच, पण तो रंगभूमीवरचा. आपण चित्रपटांपुरते बोलत आहोत, म्हणून त्याला दुरूनच नमस्कार. हिंदीत ‘कुली’सारखे मोठे चित्रपट त्यांना मिळाले, तरी लक्षात राहतो तो १९८४ च्या ‘सारांश’मधला गजानन चित्रे. ही सगळी कामे उत्तम आहेत. तरी अखेरची लढत दोघांतच होते, आणि गंमत अशी की दोघेही जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर या जोडीचेच.

पहिला ‘सामना’ (१९७४) मधला हिंदुराव धोंडे पाटील. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. आमच्या भागात पीक धानाचे. गावगाड्यावर सत्ता होती ती मालगुजारांची. तरीही आमच्या माणसांनी हिंदुरावाला पाहताक्षणी ओळखले, हे त्या कामाचे पहिले यश. हिंदुराव आरडाओरडा करत नाही. रस्त्यावरच्या दारुड्या मास्तरला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो. मग तो मास्तर मारुती कांबळेचे काय झाले ते विचारू लागतो आणि यजमानाच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहून डोळ्यांत हिशेब सुरू होतो. लागूंचा मास्तर बोलत असतो. निळूभाऊंनी करायचे असते ते ऐकण्याचे काम. एवढा सत्ताधीश एका निरुपद्रवी म्हाताऱ्याला भिऊ लागला आहे, हे त्या ऐकण्यातून कळते. १९७५ मध्ये हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला. तिथल्या प्रेक्षकाला मराठी कुठून येणार? पण घाबरलेला माणूस कोणत्याही देशात ओळखू येतो.

इथे अनुभवाची एक गोष्ट सांगतो. नटाला बोलणे सोपे असते, ऐकणे अवघड. समोरचा बोलत असताना हातांचे काय करावे, नजर कुठे ठेवावी, हे भल्याभल्यांना सुचत नाही. मंडपातल्या शेवटच्या रांगेला ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून आम्ही मिशीला पीळ देऊन वेळ मारून नेतो. कॅमेऱ्यापुढे ती पळवाट बंद असते. माझी कसोटी म्हणूनच सरळ आहे : बोलायचे कमी आणि ऐकायचे जास्त, अशी भूमिका कोणती?

तिचे उत्तर ‘सिंहासन’ (१९७९) मधला पत्रकार दिगू टिपणीस. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, लागूंचा विश्वासराव दाभाडे, सतीश दुभाषींचा कामगार पुढारी. प्रत्येकाला काही ना काही हवे आहे. दिगूला मात्र काहीच बळकवायचे नाही. सगळे त्याच्याकडे येऊन बोलतात आणि तो ऐकतो. पटेलांची हिंमत पाहा. मंत्र्यापुढाऱ्यांनी गच्च भरलेल्या चित्रपटात, पडद्यावरचा पुढारी म्हणून ज्याचा शिक्का बसला होता, त्यालाच त्यांनी खुर्चीबाहेर उभे केले! मिशीचा पीळ गेला, वाडा गेला, हुकूम सोडणारा आवाज गेला. निळूभाऊंच्या हातातली सगळी हत्यारे काढून घेतली आणि नुसता माणूस उरला. शेवटी दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. ते हसू अंगावर येते, कारण तोवर त्याने ऐकलेला एकेक शब्द आपणही त्याच्या चेहऱ्यावर साचताना पाहिलेला असतो.

माझे गावकरी यावर म्हणतात, ‘त्यात तो काही करतच नाही!’ त्यांचे बरोबर आहे. हिंदुराव सगळ्यांना दिसतो, दिगू शोधावा लागतो. शिवाय हिंदुरावाला पाहताना आपण निर्धास्त असतो, कारण तो दुसरा कोणीतरी असतो. दिगूचे तसे नाही. कोणाचे काय चालले आहे, कोणाची जमीन कोणी घेतली, कोणाचे काम कशामुळे अडले, हे गावात सर्वांना ठाऊक असते. पारावर बसून आपण ते ऐकतो, मान हलवतो आणि घरी जाऊन जेवतो. ज्याला सगळे कळते पण ज्याच्या हाती काही नाही, तो माणूस निळूभाऊंनी उभा केला आणि त्या माणसात मला मी दिसतो. त्यांचे पाटील पाहून मी कधी असा अवघडलो नव्हतो.

तेव्हा माझे मत दिगू टिपणीसला. हिंदुराव अगदी थोडक्याने दुसरा. वाचकांनी माझे ऐकावेच असे नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरच्यांसोबत आधी ‘सामना’ पाहावा, मग ‘सिंहासन’. पाहताना एकच करावे. दुसरा कोणी बोलत असेल तेव्हा नजर निळूभाऊंवर ठेवावी.