गुंजालाची लिपी आणि गिटचे दफ्तर

तेलुगू, मराठी आणि गोंडी या तिन्ही भाषा एकाच बाजारात कानी पडाव्यात अशा आदिलाबाद मुलखात, नार्नूर मंडलामध्ये, गुंजाला नावाचे एक गाव आहे. तेथील हस्तलिखितांत जपली गेलेली गोंडी लिपी हैदराबाद विद्यापीठातील जयधीर तिरुमल राव प्रभृती अभ्यासकांनी विद्वज्जनांच्या नजरेस आणली, आणि पुढे जून २०१८ मध्ये युनिकोडच्या ११व्या आवृत्तीत ‘गुंजाला गोंडी’ या नावाने तिच्या ६३ चिन्हांना स्थान मिळाले. जुन्या पोथीची नक्कल करताना एखाद्या लेखकाने अक्षराचे वळण बदलले, तर ते कोणी, केव्हा व कशासाठी बदलले हे सांगणारा पुरावा बहुधा मागे उरत नाही. हीच लिपी पडद्यावर उमटविणारा ‘नोटो सान्स गुंजाला गोंडी’ हा फॉन्ट मात्र गिटहबवर सर्वांस खुला असून त्याच्या घडणीतील प्रत्येक फेरफार गिट या व्यवस्थेत नोंदला जातो.

लिनक्स प्रणालीची संहिता ज्या बिटकीपर नामक साधनात ठेवली जात असे, त्याचा विनामूल्य वापर बंद झाला, म्हणून लिनस टोर्वाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट रचावयास घेतले. जमिनीच्या सातबाऱ्यावरील जुने नाव कंसात जाते, परंतु वाचता येते, आणि ज्याच्या आधारे नवे नाव लागले तो फेरफार क्रमांक शेजारी राहतो. गिटची रीत साधारण तीच.

समजा, त्या फॉन्टातील एक मात्रा किंचित डावीकडे सरकवावयाची आहे. ‘गिट क्लोन’ ही आज्ञा दिली की सारे दफ्तर, जुन्या नोंदींसकट, आपल्या संगणकावर उतरते. फॉन्टाची मूळ फाइल म्हणजे बिंदूंच्या अंकांची लांबलचक यादी. त्यांतील एक अंक बदलून ‘गिट स्टेटस’ विचारले असता कोणत्या फाइलीस हात लागला ते कळते, आणि ‘गिट डिफ’ केले असता जुनी ओळ वजाचिन्हाने व नवी ओळ अधिकचिन्हाने, एकीखाली एक, समोर येते. नोंदीत जे घालावयाचे तेवढेच ‘गिट ॲड’ने निवडून ‘गिट कमिट’ने ते कायम करावयाचे. त्या वेळी लिहावयाचा शेरा हाच, माझ्या मते, या सगळ्या व्यवहाराचा प्राण होय. तेथे ‘किरकोळ बदल’ असे लिहिणारा मनुष्य ‘वरीलप्रमाणे’ लिहून मोकळा होणाऱ्या कारकुनाचाच वंशज समजावा. प्रत्येक नोंदीस तिच्या मजकुरावरून व पूर्वीच्या नोंदीच्या खुणेवरून काढलेली, बहुधा ४० चिन्हांची, एक खूण मिळते, त्यामुळे मागील नोंदीत गुपचूप फिरवाफिरव केल्यास पुढील सर्व खुणा बदलतात आणि लबाडी उघडी पडते. ‘गिट लॉग’ने हा वृत्तांत वाचावा, एखादी विशिष्ट ओळ अखेरची कोणाच्या हातची आहे ते ‘गिट ब्लेम’ सांगते.

चूक झालीच, तर ‘गिट रिव्हर्ट’ जुनी नोंद पुसत नाही, तिला उलटविणारी नवी नोंद करते. ‘गिट रिसेट’ला ‘हार्ड’ जोडले की मात्र कमिट न झालेले काम विनाचौकशी नाहीसे होते. नवशिक्याने या आज्ञेच्या वाटेस जाऊ नये हे बरे. प्रयोग करावयाचा तर ‘ब्रँच’ काढून वेगळ्या शाखेत करावा, आणि जमल्यास ‘मर्ज’ने मुख्य शाखेत मिळवावा.

नार्नूरसारख्या डोंगराळ टापूत या रचनेचा आणखी एक फायदा आहे. संपूर्ण इतिहास प्रत्येकाजवळ असल्याकारणाने कमिट करण्यास इंटरनेट लागत नाही. दिवसभराच्या नोंदी स्वतःच्या संगणकावर करीत राहावे आणि रेंज मिळाली म्हणजे ‘गिट पुल’ने इतरांचे काम घेऊन ‘गिट पुश’ने आपले पाठवावे. दोघांनी एकाच ओळीस हात लावला असल्यास गिट थबकते, आणि दोन्ही पाठ खुणांच्या आत एकाखाली एक मांडून ठेवते. त्या मात्रेचे स्थान कोणते खरे, हे ठरविण्यास गुंजालाची हस्तलिखिते वाचू शकणारा माणूसच लागतो.