मूळ गुहा बंद आहे, तरीही जावे

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, दॉर्दोन्य परगण्यात, वेझेर नदीच्या काठी माँतीन्याक नावाचे छोटे गाव आहे. लास्कोच्या गुहेतली आदिमानवाची चित्रे पाहायला दरवर्षी लाखो माणसे तिथे येतात. गंमत अशी, की ती गुहा १९६३पासून सर्वसामान्यांना बंद आहे. लोक रीतसर तिकीट काढून ज्या गुहेत शिरतात, ती काँक्रीट, राळ आणि रंग यांनी उभारलेली हुबेहूब प्रतिकृती असते. हे ऐकल्यावर कुणीही विचारील, की नक्कलच बघायची तर व्हिसा, विमान आणि सुट्ट्या यांचा एवढा खटाटोप कशाला? आयुष्यात एकदा तरी पाहावीत अशा स्थळांच्या ज्या याद्या आपण वाचतो, त्यांत प्रतिकृतींना म्हणूनच सहसा जागा नसते. ती जागा त्यांना द्यायला हवी, असे या लेखाचे म्हणणे आहे. काही स्थळांच्या बाबतीत प्रतिकृती पाहणे ही आता नाइलाजाची तडजोड राहिलेली नाही. ते स्थळ सावकाश, समजून आणि त्याला इजा न करता पाहण्याची तीच सर्वांत चांगली वाट झाली आहे.

लास्कोची हकीकत मुळापासून पाहण्यासारखी आहे. १२ सप्टेंबर १९४० रोजी मार्सेल राविदा हा अठरा वर्षांचा तरुण आणि त्याचे तीन मित्र जमिनीतल्या एका भगदाडातून आत घसरत गेले आणि सुमारे १७ ते २० हजार वर्षांपूर्वी रंगवलेल्या बैल, घोडे आणि हरणांसमोर जाऊन उभे राहिले. गुहेत सुमारे ६०० रंगीत चित्रे आणि चिन्हे आहेत, कोरीव रेखाटने त्याहून कितीतरी जास्त. त्यांतला सर्वांत मोठा बैल पाच मीटरांहून लांब आहे. महायुद्ध संपल्यावर, १९४८ साली गुहा लोकांसाठी खुली झाली. तोंड रुंद केले गेले, आतला तळ खणून चालण्याजोगा केला गेला, विजेचे दिवे लागले. पुढच्या सात-आठ वर्षांत दिवसाला हजाराहून अधिक माणसे आत जाऊ लागली. हजारो वर्षे बंद असलेल्या पोकळीत एवढी माणसे श्वास घेऊ लागली, की काय होते ते भिंतींवर दिसू लागले. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प मिळून सौम्य आम्ल तयार होते. ते चुनखडीचा थर विरघळवते आणि तोच चुना पुढे पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपाने चित्रांवर साचू लागतो. दिव्यांच्या उजेडावर शेवाळ पोसले जाते, बुटांच्या तळव्यांबरोबर बीजाणू आत येतात. अभ्यासकांनी या दुखण्यांना ‘हिरवा रोग’ आणि ‘पांढरा रोग’ अशी नावे दिली. अखेर एप्रिल १९६३मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांनी गुहेला कुलूप लावले. तरीही दुखणे पुरते गेले नाही. २००१मध्ये पांढऱ्या बुरशीने आत थैमान घातले आणि त्यानंतर काळे डाग उमटले. माणसाने एकदा बिघडवलेला समतोल कुलपाने सावरत नाही.

स्पेनमधल्या अल्तामिराची कहाणी याच वळणाने गेली. सांतिल्याना देल मार या गावाजवळच्या या गुहेत १८७९ साली मार्सेलिनो सान्झ दे साउतुओला आणि त्यांची लहान मुलगी मारिया यांना छतावरचे गवे दिसले. इतकी सफाईदार चित्रे आदिमानव काढूच शकत नाही, असे म्हणून त्या काळच्या बहुतेक विद्वानांनी त्यांची वासलात लावली. एमिल कार्तायाक या फ्रेंच अभ्यासकाने १९०२मध्ये आपली चूक जाहीरपणे मान्य केली, तेव्हा साउतुओला हयात नव्हते. विद्वानांनी नाकारलेल्या या गुहेवर पुढे लोकांनी एवढी गर्दी केली, की १९७७मध्ये ती बंद करावी लागली. १९८२पासून वर्षाला साडेआठ हजारांच्या मर्यादेत प्रवेश मिळू लागला आणि २००२मध्ये पुन्हा दार लागले. तोवर, म्हणजे २००१मध्ये, शेजारीच ‘नवी गुहा’ उभी राहिली होती. दोन देश, दोन गुहा, पण निष्कर्ष एकच: अशा जागी ‘सर्वांसाठी खुले’ हे धोरण कायम चालत नाही आणि त्याची किंमत चित्रे मोजतात.

मग प्रतिकृती म्हणजे नेमके काय? जत्रेतल्या पडद्यावर ताजमहाल रंगवलेला असतो, तसली ही गोष्ट नव्हे. मूळ गुहेपासून दोनशे मीटरांवर १९८३ साली खुली झालेली ‘लास्को दोन’ ही मोनीक पेत्राल या चित्रकर्तीच्या कित्येक वर्षांच्या कामातून साकारली. आधी मूळ भिंतींची छायाचित्रीय मोजणी झाली, त्यांतले उंचवटे आणि खोलगटपणा लोखंडी सांगाडा आणि सिमेंट यांनी उभे केले गेले, आणि मग आदिमानवाने वापरले त्याच जातीचे खनिज रंग घेऊन एकेक जनावर त्या खडबडीत पृष्ठभागावर पुन्हा चितारले गेले. २०१६मध्ये माँतीन्याकच्या टेकडीच्या पायथ्याशी ‘लास्को चार’ उघडले. इमारतीची रचना स्नोहेत्ता या नॉर्वेजियन वास्तुसंस्थेची आहे. लेसरने मोजलेली भिंत तिथे राळेच्या पातळ कवचात उतरवली आहे, पण रंग भरले ते माणसांच्या हातांनीच. आर्देश नदीच्या खोऱ्यातली शोव्हे गुहा तर १९९४मध्ये सापडली ती लास्कोचा धडा ताजा असताना, त्यामुळे ती सर्वसामान्यांसाठी कधी उघडलीच नाही. तिची प्रतिकृती २०१५मध्ये खुली झाली. तिच्यात घोड्यांची भिंत साकारणारे जिल तोसेलो हे चित्रकार आहेत आणि प्रागितिहासाचे अभ्यासकही. मूळ चित्रकाराने कोळसा कुठे दाबला, कुठे बोटाने पसरवला, कुठली रेघ आधी आणि कुठली नंतर ओढली, हे उलगडल्याशिवाय ती भिंत पुन्हा काढताच येत नाही. म्हणजे चांगली प्रतिकृती हा एक संशोधनप्रबंधच असतो, फक्त तो भिंतीवर लिहिलेला असतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप तत्त्वज्ञानाच्या बाजूने येतो. वॉल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले, की मूळ कलाकृतीला तिच्या जागेचे आणि काळाचे एक तेज असते आणि प्रत कितीही चोख असली तरी ते तेज तिच्यात उतरत नाही. याच दगडाला वीस हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा हात लागला होता, ही जाणीव काँक्रीट देऊ शकत नाही, हे कबूलच करायला हवे. पण या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे: मूळ वस्तूसमोर उभे राहिले की ते तेज आपोआप भेटते. रांगेत ढकलाढकली करत, विजेच्या प्रकाशात चार मिनिटे मान वर करून १९५५ साली ज्यांनी लास्को पाहिले, त्यांना ते कितपत भेटले असेल? शिवाय ‘अस्सल’ म्हणजे ‘तोच पदार्थ’ ही समजूत सगळ्या संस्कृतींची नाही. जपानमधले इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत नव्या लाकडाने जसेच्या तसे बांधले जाते. २०१३मध्ये हे बासष्टाव्यांदा झाले, आणि कोणताही जपानी भाविक त्याला नक्कल म्हणत नाही. १९९४च्या ‘नारा दस्तऐवजा’ने वारसातज्ज्ञांनाही मान्य करायला लावले, की अस्सलपणाचे निकष त्या त्या संस्कृतीच्या चौकटीतच ठरवावे लागतात. आपल्याकडे तर हा प्रश्न देवळांनी केव्हाच सोडवला आहे. मूळ मूर्ती गाभाऱ्यात राहते, पालखीत मिरवते ती उत्सवमूर्ती. तिला हात जोडताना आपण फसवले गेलो असे कुणाला वाटत नाही, आणि पुण्याजवळच्या केतकावळ्याच्या प्रतिबालाजीला जाणाऱ्यालाही तिरुपती आंध्रात आहे हे पक्के ठाऊक असते.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे आणि तो जास्त बोचरा आहे. प्रतिकृतीच पाहायची तर ती घरबसल्या पडद्यावर का पाहू नये? उत्तर खडकात आहे. अल्तामिराच्या चित्रकाराने छताला असलेले फुगवटे हेरून नेमके त्यांवर गवे रंगवले. फुगवटा हेच गव्याचे पोट आणि पाठ. सपाट छायाचित्रात हे कळत नाही. मान वर करून, दोन पावले इकडे-तिकडे सरकल्यावर जनावर अंग चोरताना दिसते तेव्हा कळते. आकार, अंधार, गारवा आणि चालत जाऊन वळण घेतल्यावर समोर येणारी भिंत या गोष्टी शरीराने अनुभवायच्या असतात, आणि त्या जशाच्या तशा पुन्हा उभ्या करता येतात. दुसरे म्हणजे, गुहा एकटी नसते. शोव्हेला जाणारा माणूस नदीने चुनखडक कोरून घडवलेली पाँ दार्क ही प्रचंड नैसर्गिक कमान पाहतो, आणि गुहेतल्या माणसांच्या डोळ्यांसमोर रोज काय होते ते त्याला समजते. वेझेरच्या खोऱ्यात लेझेझीजवळ फाँ-द-गोमसारखी रंगीत चित्रांची अस्सल गुहा आजही मोजक्या माणसांना रोज पाहता येते. प्रतिकृतीत तास-दीड तास काढून, डोळे तयार करून तिथे गेलेल्या माणसाला पंधरा मिनिटांत जे दिसते, ते थेट जाणाऱ्याला दिसत नाही. अर्थात सगळ्या प्रतिकृती सारख्या मोलाच्या नसतात. मार्सेयजवळच्या कोस्के गुहेत समुद्रसपाटीखाली ३७ मीटरांवरच्या तोंडातून शिरावे लागते, आणि चढत्या समुद्राने तिची चित्रे धोक्यात आहेत. २०२२मध्ये तिची प्रतिकृती मार्सेय बंदरात उभी राहिली ती योग्यच. पण तिथे प्रेक्षकांना छोट्या गाड्यांत बसवून ठरलेल्या गतीने फिरवले जाते. थांबण्याची मुभा गेली, की प्रतिकृतीचा मुख्य फायदाच गेला.

तिसरा आक्षेप समतेचा आहे. मूळ वस्तू संशोधकांना आणि बड्या पाहुण्यांना, नक्कल मात्र जनतेला, हा कुठला न्याय? आक्षेप खरा आहे, आणि अल्तामिराने त्यावर एक तोडगा काढून दाखवला. २०१४मध्ये तिथे आठवड्याला पाच जणांना, संग्रहालयात आलेल्यांतून चिठ्ठ्या काढून, खास कपडे घालून मूळ गुहेत नेण्याचा प्रयोग सुरू झाला. वशिल्यापेक्षा चिठ्ठी बरी. आणि समता तिकिटापुरती पाहायची नसते. आज सगळ्यांना आत सोडले आणि तीस वर्षांनी चित्रेच उरली नाहीत, तर पुढच्या पिढ्यांवर होणारा अन्याय मोठा आहे. त्या पिढ्या आज रांगेत उभ्या राहून तक्रार करू शकत नाहीत, एवढेच.

ही चर्चा मराठी वाचकाला परकी वाटायचे कारण नाही, कारण प्रतिकृतींचा सर्वांत लांब आणि सर्वांत दुर्दैवी इतिहास आपल्या अजिंठ्याचा आहे. १८१९मध्ये जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली. १८४०च्या दशकात रॉबर्ट गिल यांनी तिथे मुक्काम ठोकून वर्षानुवर्षे चित्रांच्या मोठमोठ्या प्रती केल्या. १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. १८७२पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेचे, म्हणजे आजच्या जेजेचे, विद्यार्थी बरोबर घेऊन नव्याने प्रती करायला घेतल्या. त्यांतल्या बऱ्याच १८८५मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. जपानी चित्रकार आराई काम्पो यांच्या प्रती १९२३च्या तोक्यो भूकंपाने गिळल्या. यातून वाचलेल्या प्रतींचे मोल आज कळते: मूळ भिंतीवरून गळून गेलेले तपशील ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्या रंगांत शिल्लक आहेत. इजिप्तमध्येही हेच दिसते. लक्सरला हॉवर्ड कार्टर यांच्या घराजवळ २०१४मध्ये मांडलेल्या तुतनखामेनच्या दफनकक्षाच्या प्रतीबरोबर, मूळ भिंतीवरून कायमचा नाहीसा झालेला तुकडा जुन्या छायाचित्रांवरून पुन्हा घडवून ठेवला आहे. मूळ जे दाखवू शकत नाही ते प्रत दाखवते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्रती नीट काढता याव्यात म्हणून ग्रिफिथ्सच्या काळात अजिंठ्याच्या चित्रांवर व्हार्निश फासले गेले. पुढे निजामाच्या काळात, १९२०च्या सुमारास आलेल्या इटालियन तंत्रज्ञांनी चित्रे पक्की केली खरी, पण त्यांनी लावलेली लाखही पिवळी पडली. आजची मोजणी प्रकाशाने होते, भिंतीला हात लागत नाही. तंत्र बदलले की जुना आक्षेपही गळून पडतो.

अजिंठा म्हणजे लास्को नव्हे, हे खरे. ही लेणी माणसांनी माणसांसाठी खोदली, ती उघडी आहेत, ती बंद करा असे कुणी म्हणत नाही. पण तिथली चित्रे माती, भुसा आणि तंतूंच्या गिलाव्यावर आहेत, आणि गर्दीचा दमटपणा या गिलाव्यालाही मानवत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती चित्रे वाचायची असतात. पहिल्या लेण्यातली महाजनक जातकाची किंवा सतराव्या लेण्यातली विश्वंतराची कथा अख्ख्या भिंतीभर पसरलेली आहे. मिणमिणत्या उजेडात, मागच्या माणसाचा धक्का खात ती वाचून होत नाही, मग पद्मपाणीकडे बोट दाखवून मंडळी बाहेर पडतात. फर्दापूरजवळ १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती असलेले अभ्यागत केंद्र जपानी कर्जातून उभे राहिले आणि २०१३मध्ये सुरूही झाले, ते याच गरजेपोटी. पुढे वीज-पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी ते बंद पडल्याच्या बातम्या वाचाव्या लागल्या. यावर ‘बघा, प्रतिकृतींवर पैसा वाया जातो’ असे म्हणणे सोपे आहे. पण माँतीन्याकमध्ये एक प्रतिकृती अपुरी पडली म्हणून पुढची बांधली गेली. आपल्याकडे एक चालवताना दमछाक झाली. दोष कल्पनेचा नाही, चालवण्याचा आहे. आणि आपणही त्यात वाटेकरी आहोत, कारण ‘नकली लेणी’ म्हणून पर्यटकांनी नाक मुरडले, की तिथली बिले भरण्याची निकड कुणालाच वाटत नाही.

म्हणून पुढच्या प्रवासाचा बेत आखताना निकष थोडा बदलून पाहावा. स्थळ मूळ आहे की नाही, एवढ्यावर अडू नये. तिथे किती वेळ थांबता येईल, काय समजून घेता येईल आणि आपल्या जाण्याने मागे काय बिघडेल, हेही विचारावे. त्या कसोटीवर लास्को, शोव्हे आणि अल्तामिरा ही तिन्ही ठिकाणे यादीत वरच्या क्रमांकावर बसतात. आणि अजिंठ्याला जाणाऱ्याने फर्दापूरच्या केंद्राची चौकशी आधी करावी, ते बंद असेल तर तशी लेखी तक्रार नोंदवावी. प्रतिकृतीला प्रेक्षक आणि चालवणारे हात मिळाले, तरच मूळ भिंतीवरचा भार हलका होईल.